चोरओटी

धनश्रीचं दुखायचं थांबलं, तेव्हा ती आधी घाबरली.

सकाळची पाळी होती. तासगावबाहेरच्या एका शीतगृहात ती बेदाण्याच्या पट्ट्याशेजारी उभी होती. पट्ट्यावरून हिरवा बेदाणा सरकत होता, वरचे कॅमेरे एकेक दाणा पारखत होते आणि डागी दाणा दिसला की हवेची फुंकर त्याला खाली उडवत होती. २०४१ साली या धंद्यात माणसाला काम उरलं होतं ते एवढंच: यंत्र अडलं तर मोकळं करायचं आणि कॅमेऱ्याला चुकवून आलेलं एखादं देठ हाताने उचलायचं. असं एक देठ उचलायला धनश्री वाकली, सरळ झाली आणि तिच्या लक्षात आलं की वाकताना ओटीपोटात कळ आली नाही. ती मुद्दाम पुन्हा वाकली. पुन्हा काही नाही. अंग बधिर झालं की काय, म्हणून तिने मनगटाला चिमटा काढून पाहिला. तो मात्र चांगलाच लागला.

अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. महिन्यातले सात-आठ दिवस कळा असह्य होत आणि उरलेले दिवस त्या नुसत्या असत, घरातल्या फ्रीजच्या घरघरीसारख्या. त्या दुखण्याला नाव मिळायलाच सात वर्षं गेली. एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत असायचं ते अस्तर बाहेर नको तिथे वाढतं, दर महिन्याला सुजतं, आतल्या आत चिकटून बसतं. नाव कळलं म्हणून घरात काही बदललं असं नाही. आपल्याकडे बाईच्या दुखण्याला पुरावा लागतो. ताप असेल तर थर्मामीटर आहे, हाड मोडलं तर एक्स-रे आहे. ओटीपोटात दुखतंय याला पुरावा काय, तर बाईचा चेहरा. आणि तो रोजच बघायची सवय झाली की कुणी त्याच्याकडे बघत नाही.

तिची सासू मालन. धनश्री तिला तिकडच्या रीतीने आत्या म्हणायची. आत्या वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर सुनेच्या गोष्टीत सासू आली की वाचणारा पुढचं गृहीत धरतो. धनश्री पडून राहिली तर आत्या तिला बोलत नसे. ती निमूटपणे स्वतःचं काम करी आणि मग सुनेचंही करी. अधूनमधून गुडघ्यावर हात ठेवून थांबे, परत कामाला लागे. ते बघत पडून राहण्यापेक्षा उठलेलं परवडायचं. म्हणून धनश्री उठायची.

लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. तेही याच आजारापायी. नवरा रणजित गुजरातच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात उभारलेल्या पवनचक्क्यांवर देखभालीच्या कामाला होता. महिनाभर तिकडे आणि मग दहा दिवस घरी. माणूस प्रेमळ होता. अवघड गोष्ट समोर आली की ती पुढच्या खेपेवर ढकलायची, एवढाच त्याचा दोष.

मिरजेतल्या एका संशोधन केंद्रात नवा उपचार चालू आहे हे त्यानेच शोधून काढलं होतं. तिथल्या डॉक्टर शिरगुप्पे धनश्रीहून थोड्याच मोठ्या असतील. बोलता बोलता त्या कागदावर चित्रं काढायच्या. त्यांनी आधी पाठीचा कणा काढला आणि त्याच्यावर एकाखाली एक छोटी फाटकं.

वेदना ही अशी फाटकांमधून मेंदूपर्यंत जाते, त्या म्हणाल्या. फाटक किती उघडायचं हे ठरवण्यात बऱ्याच गोष्टींचा हात असतो आणि त्यात संप्रेरकं मोठी. पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन भरपूर असतं, ते फाटक थोडं ओढून धरतं. बायकांमध्येही ते असतं, पण थोडं. उलट इस्ट्रोजेन दर महिन्याला चढतं आणि उतरतं, आणि ते झपाट्याने उतरलं की बिजागऱ्या सैल होतात. ज्या बाईच्या नसा आधीच चिडलेल्या आहेत, तिच्या बाबतीत मग साधा स्पर्शही दुखणं होऊन वर जातो. हे सगळं उशिरा कळलं, कारण कित्येक दशकं वेदनेवरची औषधं नर उंदरांवरच तपासली जात होती. माद्यांचं चक्र हिशेब बिघडवतं म्हणून त्यांना प्रयोगात घेतच नसत. हे सांगताना शिरगुप्पे हसल्या. धनश्रीला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मग त्यांनी दुसरं चित्र काढलं. डोंगर, आणि त्याच्या माथ्यावर लांब सपाट पठार. हे गर्भारपण. प्रोजेस्टेरॉन चढतं आणि महिनोन्महिने चढलेलंच राहतं. त्याच्यापासून मेंदूत एक शामक द्रव्य तयार होतं. शरीर स्वतःच वेदनेची फाटकं आवळून घेतं, कारण पुढे काय सोसायचंय हे त्याला ठाऊक असतं. चुकीच्या जागचं अस्तरही पुष्कळ जणींमध्ये निवतं. गेल्या शतकातल्या डॉक्टरांनी गोळ्या देऊन असं खोटं गर्भारपण आणून पाहिलं होतं, पण तेव्हा डोस आंधळा होता आणि त्रासच जास्त झाला. आता दंडात कातडीखाली आगपेटीतल्या काडीएवढी वस्तू बसवायची. ती सतत संप्रेरकं मोजते आणि त्या त्या बाईला लागेल तेवढंच सोडते. शरीर पाचव्या महिन्याच्या पठारावर नेऊन ठेवायचं आणि तिथेच धरून ठेवायचं.

"किती दिवस?" धनश्रीने विचारलं.

पाच महिने. त्यापुढे यकृत आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. मग काडी काढायची, वर्षभर थांबायचं आणि पुन्हा बसवायची. शिरगुप्प्यांनी पेन खाली ठेवलं आणि पुढचं तिच्याकडे बघून सांगितलं.

"तुमच्या डोक्याला माहीत असेल, पण शरीराला माहीत नसेल. मळमळेल, छाती भरेल, पाळी थांबेल. काडी काढल्यावर शरीर समजेल की मूल झालं. ते मूल शोधेल. म्हणून घरात सगळ्यांना आधी नीट सांगा. हा उपचाराचाच भाग समजा."

दोघांनी माना हलवल्या. परतताना गाडीत रणजित म्हणाला की आईला आत्ताच इतकं खोलात सांगायला नको. गर्भ हा शब्द जरी निघाला तरी तिचं मन लगेच तिकडे धावणार. दुखण्यासाठी दंडात काडी बसवलीय, एवढं सांगू, पुढच्या खेपेला मी नीट समजावतो. तसंच सांगितलं. आत्याने दंडावरची पट्टी बघितली, बरं म्हणाली आणि हळद घातलेलं दूध करून दिलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तो सकाळचा प्रसंग, शीतगृहातला. दुपारी घरी येताना धनश्री बसमधून दोन थांबे आधी उतरली आणि चालत आली. रस्त्यात द्राक्षबागा होत्या, वरती जाळ्यांवर सौरपत्रे होते, त्यांच्या सावलीत बाया छाटणी करत होत्या. आपण चालतोय आणि आपल्याला फक्त चालणं जाणवतंय, याचाच तिला इतका आनंद झाला की ती एका बांधावर बसून रडली.

महिना-दीड महिना गेला. फोडणीच्या वासाने तिला मळमळायला लागलं. चेहरा भरला. आत्या हे सगळं बघत होती, पण तिचा खरा पुरावा वेगळाच होता. त्या घरात पाळीच्या दिवसांत देवापाशी दिवा लावायचा नाही ही रीत होती. धनश्री ती मोडत नसे, कारण तेवढ्यासाठी भांडायला अंगात बळ कुठलं. आता सलग दोन महिने तिने एकाही संध्याकाळी दिवा चुकवला नव्हता. शिवाय मिरजेला बायकांच्या डॉक्टरकडे फेऱ्या चालू होत्या. आत्याने विचारलं मात्र नाही. तीन महिने भरेपर्यंत असलं तोंडाने बोलायचं नसतं, नजर लागते. सुनेने आपण होऊन सांगितलं नाही म्हणजे तीही रीत पाळतेय, पोरगी शहाणी आहे, असं आत्याने धरलं. म्हणजे धनश्री जितकी गप्प राहिली, तितकी आत्याची खात्री होत गेली.

एका शुक्रवारी दुपारी आत्याने पुढचं दार लावलं आणि धनश्रीला आतल्या खोलीत बोलावलं. पाट मांडला होता. ताटात हिरवा खण, नारळ, ओंजळभर गहू, हळकुंड, सुपारी, खारका, बदाम. धनश्रीला कळायला क्षणभर लागला. चोरओटी. पहिल्या तीन महिन्यांत, कुणाला न कळवता, घरातल्या घरात भरायची ओटी. लग्नानंतर चुलत जावेच्या वेळी तिने ती दाराच्या फटीतून बघितली होती आणि मग न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडली होती.

"आत्या, थांबा, मला तुम्हाला सांगायचंय..."

आत्याने तिच्या ओठांवर बोट ठेवलं. "काय बोलू नगंस, पोरी. आत्ता तोंडातनं काढायचं न्हाई. मला समदं कळतंय."

आणि ती रडत होती. आठ वर्षांत धनश्रीने तिला रडताना बघितलं नव्हतं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलेली सगळी वाक्यं धनश्रीच्या डोक्यात होती, एकही जिभेवर आलं नाही. तिने पदर पसरला. गहू पडले, नारळ पडला. आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवूनच दिला. त्या हाताखाली बसून धनश्रीला वाटलं, उद्या सांगू. तिलाही रणजितची लागण झाली होती म्हणायची.

संध्याकाळी तिने त्याला फोन लावला. तो हळूच म्हणाला की आईने त्यालाही विचारलं होतं, आणि तो हो म्हणाला नव्हता, पण नाहीही म्हणाला नव्हता. राहू दे ना थोडे दिवस, म्हणाला. किती वर्षांनी खूश आहे ती. धनश्रीने विचारलं की थोडे दिवस म्हणजे किती, त्यावर समुद्रात वारं फार सुटलंय, ऐकू येत नाही, असं त्याने सांगितलं.

ते थोडे दिवस धनश्रीच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस ठरले, हे कबूल केलं पाहिजे. तिच्या हातातली बादली आत्या काढून घेई. जड उचलू नको, उन्हात जाऊ नको, दुपारची पड. आणि गंमत अशी की आता तिला पडायची गरजच नव्हती. अकरा वर्षांत पहिल्यांदा अंग हलकं होतं, दिवसभर उभी राहिली तरी चाललं असतं. ज्या दिवसांत जमिनीवर गडाबडा लोळावंसं वाटे त्या दिवसांत कुणी उशी दिली नव्हती, आणि आता काही दुखत नसताना पाठीला दोन-दोन उशा. ती त्या उशांना टेकून आत्याने केलेला शिरा खायची आणि तिला रागही यायचा, शिराही आवडायचा.

रणजित आला तेव्हा अंगणात पेरूच्या सावलीत ती बाजेवर पडली होती. तो शेजारी बसला आणि बोलता बोलता त्याचा हात तिच्या पोटावर गेला. पोट थोडं वर आलं होतं. पाणी, वजन, गर्भाशयाची सूज, शिरगुप्प्यांनी सगळं आधीच सांगितलं होतं.

"रणजित, तिथे काही नाही."

"माहितेय," तो म्हणाला आणि हात तिथेच ठेवला.

तिनेही तो बाजूला केला नाही. आजकाल तिचाही हात झोपेत तिथेच असायचा. आत काही हलल्यासारखं झालं की ती श्वास रोखून थांबायची आणि मग स्वतःवरच चिडायची. मिरजेच्या तपासणीत शिरगुप्प्यांनी आलेख दाखवला. वेदनेची रेघ तळाला टेकली होती. त्यांनी विचारलं, घरी नीट सांगितलंय ना, कुणाचा गैरसमज नाही ना. धनश्री म्हणाली, नाही, कुणाचा गैरसमज नाही.

पाच महिने संपले. काडी काढून दोन दिवस देखरेखीखाली राहायचं होतं. रणजित रजा काढून आला होता. छोटंसं काम होतं, दंडाला भूल देऊन दहा मिनिटांत झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती खाटेवर डोळे मिटून पडली होती आणि तिने त्याला फोनवर बोलताना ऐकलं. आई, धीर धर, म्हणत होता. गेलं. हो. ती ठीक आहे. नको, तू येऊ नको, आम्हीच येतोय.

तिने डोळे उघडले. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. खोटं बोलून रडणारा माणूस तिने पहिल्यांदा पाहिला. तिने विचारलं की हे काय सांगितलंस तू. त्याने तोंड पुसलं.

"मग काय सांगायचं होतं? आई डोहाळजेवणाला बायका मोजायला लागलीय. कधीतरी हे सांगावंच लागणार होतं." तो तिच्याजवळ येऊन बसला. "आणि दुसरं, तुझं आता परत सुरू होणार. महिनाभर तरी तुला कुणी उठवणार नाही, धनू. एवढं तर मिळेल."

ते खरं होतं. दुखतंय म्हणून त्या घरात रजा नव्हती. मूल गेलं म्हणून होती. ती भिंतीकडे वळली.

आत्याने घर तयार ठेवलं होतं. आतली खोली, खिडकीला चादर, शेगडी, तिळाचं तेल. कच्ची बाळंतीण म्हणजे पक्कीपेक्षा जपावी लागते, ती म्हणाली, आणि तिने धनश्रीला कुशीत घेतलं. धनश्री हमसून हमसून रडली. हे नाटक नव्हतं. काडी गेल्यावर संप्रेरकं त्या पठारावरून खाली कोसळली होती आणि शिरगुप्प्यांनी सांगितल्याप्रमाणे शरीर मूल शोधत होतं. तिसऱ्या दिवशी छातीत दूध उतरलं. आत्याने घट्ट कापड बांधलं आणि बांधताना स्वतःचे डोळे पुसत राहिली. जे कधी नव्हतंच त्याच्यासाठी दोन बायका एका खोलीत रडत होत्या, आणि त्यातल्या एकीला हे माहीत असूनही तिचं रडणं थांबत नव्हतं. रणजित दोन दिवस राहिला आणि समुद्रावर निघून गेला.

आठवड्याभराने कळा परत आल्या. पूर्वीच्याच, पण मधे पाच महिने विसरल्यामुळे नव्यासारख्या. धनश्री गुडघे पोटाशी घेऊन पडायची आणि आत्या कमरेला तेल चोळायची, विटेचा शेक द्यायची, डिंकाचे लाडू भरवायची. पिशवी जाग्यावर बसताना दुखतंच, म्हणायची. चोळता चोळता एकदा आत्याने तिचं स्वतःचं सांगितलं. रणजितच्या आधी दोन गेले होते. एक तर बागेतच, द्राक्षाच्या छाटणीला गेली असताना. तिसऱ्या दिवशी ती परत कात्री घेऊन बागेत होती. "मला कोण निजू देणार हुतं," ती म्हणाली, तक्रार म्हणून नाही, तर तू नीज, मी आहे, अशा अर्थाने.

त्या दुपारी धनश्रीने मनात हिशेब मांडला. पुढच्या वर्षी काडी पुन्हा बसवता येणार होती. पुन्हा पाच महिने सुखाचे, पुन्हा ओटी, पुन्हा शिरा, आणि मग पुन्हा एक महिना ही खोली, हे तेल, हा हात. आत्याला बोलून काही पटवायला नको, काही सिद्ध करायला नको. दर खेपेला एक मूल जाऊ द्यायचं, बस्स. सौदा वाईट नव्हता. आणि आपल्याला तो वाईट वाटत नाही, याची तिला भीती वाटली.

मग एका सकाळी आत्या चांगलं लुगडं नेसून खोलीत आली. हातात पिशवी होती. मी मिरजेला जाऊन येते, म्हणाली. धनश्रीने विचारलं की कशाला. आत्या बाजेच्या कडेवर बसली.

"त्यास्नी इचारते, आमच्या लेकराचं काय केलंसा. कुटं पुरलं, का टाकून दिलं. पाच म्हैन्याचं म्हंजे बोटं-बिटं समदी असत्यात. माझी दोन बी मला बघू दिली न्हाईत कुणी. हे तरी मी बघते. न्हाईच मिळालं तर जागा इचारते, दिवा लावून येते."

गुडघे दुखत होते तरी ती निघाली होती. मिरजेला दोन बस बदलून जायचं, आणि तिथे खिडक्यांपुढे उभं राहून न झालेल्या मुलाचा पत्ता विचारायचा. धनश्रीच्या डोळ्यांपुढे ते दृश्य उभं राहिलं आणि तिच्याने ते सहन झालं नाही. शिरगुप्पे सांगतीलच, आणि आत्याला ते परक्यांच्या समोर कळेल. तिने आत्याचा हात धरून तिला थांबवलं. आत्याने तेवढ्यात सवयीने तेलाची वाटी ओढली आणि दुसऱ्या हाताने तिची कंबर चोळायला घेतली.

"आत्या, मूल नव्हतं. कधीच नव्हतं. ती दंडातली काडी होती ना, तिच्यामुळे शरीराला मूल आहे असं वाटतं. दुखू नये म्हणून. रणजितला माहीत होतं. मला ओटीच्या दिवशीच सांगायचं होतं."

चोळणारा हात थांबला. बाहेर कुणाच्या तरी बागेत फवारणीचं ड्रोन घोंघावत होतं, ते दूर गेलं.

"म्हंजे पोर गेलं न्हाई?"

"नाही."

"दूद आलं हुतं की."

"ते काडीमुळे. सगळंच काडीमुळे."

आत्याने तिच्या पोटाकडे बघितलं. धनश्रीला वाटलं आता ती ओरडेल, शिव्या घालेल, रणजितला फोन लावेल. त्यातलं काहीही चाललं असतं. आत्याने फक्त विचारलं, "आन ह्ये आत्ता दुकतंय, त्ये?"

"ते खरं आहे," धनश्री म्हणाली. "तेवढंच खरं आहे आत्या. ते अकरा वर्षं आहे. मूल नव्हतं, पण हे आहे. आत्ताही आहे, बघा, मला सरळ होता येत नाही."

आत्याने ऐकलं. तिने मान हलवली, समजल्यासारखी. मग तिने वाटी खाली ठेवली, पदराला दोन्ही हात पुसले, एकेक बोट सावकाश पुसलं. खिडकीची चादर काढून तिची घडी केली. ऊन खोलीत आलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, धनश्रीने नीट पाहिलं, अजिबात नव्हता.

"मग ऊठ की," आत्या म्हणाली. "सकाळची भांडी तशीच पडल्यात."

आणि धनश्री उठली.